तानपुऱ्याला चटईक्षेत्र

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं माहितीपत्रक हातात पडलं तेव्हा मी आधी कार्पेट एरिया पाहिला, मग पार्किंग, आणि मग सातव्या पानावर अडकलो. तिथे तानपुऱ्याचं चित्र होतं. तानपुऱ्याला तारा तीनच, असायला हव्यात चार. शेजारी बोरू आणि दौत. खाली मजकूर असा, की गिरगावच्या सांगीतिक आणि साहित्यिक वारशाला वंदन म्हणून पोडियमवर एक वातानुकूलित ‘वारसा दालन’ होणार आहे. अठराव्या पानावर बारीक टायपात रहिवाशांसाठीचे नियम होते. त्यातला एक असा: सदनिकेत गायन, वादन किंवा त्याची शिकवणी करायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी लागेल आणि शेजाऱ्याची तक्रार आल्यास ती रद्द होईल.

मी या वाडीत चाळीस वर्षं तबला बडवतो आहे. बडवतो हाच शब्द बरोबर, वाजवणारे वेगळे. तक्रारी तेव्हाही व्हायच्या. वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारी झोपायच्या वेळेला जमिनीवर काठी आपटायच्या. मग मी बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, टॉवेल टाकायचो, काठी थांबायची आणि चारच्या चहानंतर टॉवेल निघायचा. काठीशी तडजोड होऊ शकते. लेखी परवानगीशी कशी करणार?

दक्षिण मुंबईत अशा हजारो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरूंच्या इमारती एकेक करून पडताहेत आणि प्रत्येकीच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरला आपला वारसा कुठे ना कुठे चिकटवायचा असतो. कुणी लॉबीत बालगंधर्वांचा फोटो लावतं, कुणी विंगांना रागांची नावं देतं. पालिकाही मागे नाही. चौकाला नाव दिलं, पाटी बसवली की झालं. तेव्हा वारसा म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न आता फक्त रसिकांचा राहिलेला नाही. तो विकास नियंत्रण नियमावलीचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं, की गिरगाव-ग्रँट रोडच्या ज्या सभ्य, सुसंस्कृत, अंगणात रांगोळी घातलेल्या रूपाला आपण दालनातून वंदन करतो, त्या रूपानं इथलं गाणं आणि लिखाण घडवलं नाही. ते घडलं स्वस्त खोल्यांमधून आणि बदनाम शेजारातून. शेजाराचा आपण उल्लेख टाळतो आणि खोल्या पाडतो. मग सातव्या पानावर तानपुरा काढतो.

पॅरिसच्या गरीब, कर्जबाजारी चित्रकार-कवींना तिथल्या लोकांनी ‘बोहेमियन’ म्हटलं, कारण जिप्सी लोक बोहेमियाहून आले असा त्यांचा समज होता. मराठीत माणसासाठी तसे शब्द भरपूर आहेत. कलंदर, अवलिया, छांदिष्ट, आणि घरचे वापरतात तो ‘वाया गेलेला’. वस्तीसाठी मात्र एकच शब्द सापडतो, तो म्हणजे बदनाम.

एकदा या बदनाम आणि सभ्य वस्त्यांतून पायी फेरी मारून बघा. ऑपेरा हाउसपासून निघायचं. देवधर मास्तरांनी १९२५ साली सुरू केलेलं संगीत विद्यालय याच परिसरात. तिथून केनेडी ब्रिज काही मिनिटांवर. पुलाच्या अलीकडे काँग्रेस हाउस, स्वातंत्र्य चळवळीतलं मुंबई काँग्रेसचं ठाणं. त्याच आवारात जिना हॉल. आणि त्याच्या भिंतीला लागून तवायफांची वस्ती, जिथून संध्याकाळी तबला-सारंगी ऐकू यायची. पुढे लॅमिंग्टन रोड ओलांडून ग्रँट रोडनं पूर्वेला गेलं की पिला हाउस. हे ‘प्लेहाउस’चं मुंबईच्या तोंडात झालेलं रूप. तिथून फोरास रोड, गोलपीठा, नळ बाजार, भेंडी बाजार आणि सँडहर्स्ट रोडनं खेतवाडीवरून परत. रमतगमत गेलात तरी तासाभराचं काम. या तासाभरात हिंदुस्थानी संगीताचं एक अख्खं घराणं, संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाची थिएटरं, मराठी साहित्याचा दरबार आणि त्या दरबाराला आग लावणारे कवी, सगळे पायाखालून जातात.

आठवणी लिहिणारे या फेरीचा फक्त पश्चिमेकडचा अर्धा भाग लिहितात. गणेशोत्सवातल्या रस्त्यावरच्या मैफली, ब्राह्मण सभा, साहित्य संघ. खोटं त्यात काही नाही. फक्त नकाशा मध्येच फाडलेला आहे.

फाटलेल्या भागातून सुरुवात करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बिजनौरकडचे तीन भाऊ, छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, मुंबईत येऊन भेंडी बाजाराजवळ राहिले. आपल्याकडच्या बहुतेक घराण्यांना संस्थानांची किंवा उत्तरेतल्या गावांची नावं आहेत: ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा. बाजाराचं नाव लावणारं घराणं हे एकच. दरबारानं नाही, तर या शहरातल्या भाड्याच्या खोलीनं आणि शिकवणीच्या पैशांनी ते पोसलं, हे त्याच्या नावातच लिहिलेलं आहे. नझीर खाँसाहेबांकडे एक मुलगी लहानपणापासून शिकायला लागली. गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मालपे गावच्या कलावंत घराण्यातली अंजनीबाई. उत्तरेकडचा मुसलमान उस्ताद आणि कोकणी बोलणारी मुलगी. पुढे अंजनीबाई मालपेकरांकडे कुमार गंधर्व शिकले आणि किशोरी आमोणकरही. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ कर्नाटक संगीताच्या नादी लागले आणि दक्षिणेकडचा हंसध्वनी त्यांनी ख्यालात असा काही रुजवला, की आज तो परका वाटतच नाही. तरुणपणी लता मंगेशकरही त्यांच्याकडे थोडा काळ शिकल्या.

आता कुमारांचीच गोष्ट घ्या. बेळगावकडचा शिवपुत्र कोमकली नावाचा अकरा वर्षांचा मुलगा देवधर मास्तरांकडे आला. मास्तर स्वतः मोठे चौकस. पलुसकरांचे शिष्य असूनही त्यांनी मुंबईतल्या स्क्रिंझी नावाच्या इटालियन उस्तादाकडे पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं. त्यांच्या शाळेत सगळ्या घराण्यांच्या गवयांची उठबस. बडे गुलाम अली खाँसाहेब मुंबईत आले की तिथे त्यांची हमखास ये-जा. असल्या ठिकाणी तो मुलगा राहिला, ऐकत राहिला. १९३६ साली संगीत परिषदेत त्यानं मुंबईला थक्क केलं, ते कुठे? जिना हॉलमध्ये. म्हणजे काँग्रेस हाउसच्या आवारात, तवायफांच्या वस्तीला भिंत लागून. दालनातल्या फलकावर बहुधा ‘कुमार गंधर्व यांची कर्मभूमी’ असं येईल. भिंतीपलीकडे कोण राहत होतं, ते येणार नाही.

तुम्ही म्हणाल, शेजार होता म्हणून प्रभाव होता असं थोडंच? बरोबर आहे. भिंत लागून असणं हा पुरावा नव्हे. पण पुरावाही आहे, आणि तो आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं गुणगुणला गेला आहे. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ला रिपन थिएटरमध्ये झाला. बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीच्या मृत्यूची बातमी आणि तरीही झालेला प्रयोग, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण त्या नाटकाच्या गाण्यांना चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्यांतल्या कितीतरी चालींचा उगम ठुमरी, कजरी, होरी या पूरब ढंगात आहे, हे सांगायला विसरतो. हा ढंग त्या काळी देवळात नव्हता, शाळेतही नव्हता. तो बायजींच्या गळ्यात होता. ‘एकच प्याला’च्या पदांच्या चाली कुणाच्या? सुंदराबाई जाधवांच्या. लावणी, ठुमरी, गझल गाऊन पोट भरणाऱ्या बाई. दारूपायी नवऱ्यानं उद्ध्वस्त केलेल्या पतिव्रतेच्या तोंडी महाराष्ट्रानं जी गाणी डोळे पुसत ऐकली, ती बैठकीच्या बाईच्या गळ्यातून आली होती. गंमत म्हणून नाही सांगत. ज्या गाण्याला आपण ‘आपलं’, ‘घरंदाज’ म्हणतो त्याची ही नाळ आहे, आणि ती कुठल्या वस्तीत पुरली आहे हे ठाऊक असूनही आपण तिकडे बघत नाही.

ही नजर चुकवणं अजाणता झालेलं नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरनंतर मुंबईत गांधर्व महाविद्यालय उभं केलं, तेव्हा गाण्याला कोठ्यावरून आणि व्यसनांतून सोडवून सभ्य घरात नेणं, हा त्यांचा उघड हेतू होता. त्या कामाची किंमत मी कमी लेखणार नाही. माझी बहीण ‘मध्यमा पूर्ण’ झाली ती त्यांच्या शिष्यांनी पुढे चालवलेल्या परीक्षांमुळेच. आमच्या आजीच्या काळात मुलगी गाणं शिकते म्हटलं तर तिचं लग्न अडलं असतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून बांधलेली महाविद्यालयाची ती भव्य इमारत कर्जापायीच लिलावात गेली. दुसरी जास्त कडू आहे. गाणं सभ्य झालं आणि गाणाऱ्या बाया बाहेर राहिल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रेडिओनं कोठ्यावरून येणाऱ्या गायिकांना दार बंद केलं. ज्या बायांकडून आपण गाणं घेतलं त्यांनाच ते गाता येईना, कारण आता ते चांगल्या घरातलं झालं होतं. ज्या निसटल्या त्या निसटल्या. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकून एवढ्या मोठ्या झाल्या की त्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरून सूर्यमालेबाहेर निघाला. कुर्डीच्या मोगूबाई तशाच. पण अशी नावं बोटांवर मोजण्याएवढी. बाकीच्या जणींची कुठे पाटी नाही, आणि कुणी लावायला निघालंच तर पहिली हरकत माझ्याच वाडीतून येईल.

साहित्याकडे वळतो. मुंबईचं साहित्यिक मासिक म्हटलं की पहिलं नाव ‘मनोरंजन’चं. १८९५ साली ते काढणारा माणूस आजगावचा काशिनाथ आजगावकर, पण बंगाली साहित्याच्या प्रेमात असा बुडाला की आडनाव बदलून मित्र झाला. का. र. मित्र. १९०९ साली त्यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. आज आपण फराळाच्या ताटाशेजारी जो ठेवतो तो दिवाळी अंक अशा एका छांदिष्टाच्या डोक्यातून आलेला आहे. पुढे गिरगावातल्या खटाववाडीत मौज प्रकाशनाचा छापखाना आणि त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक. संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन. हस्तलिखितावर पेन्सिलीनं केलेल्या बारीक खुणा, परत आलेल्या कथा, पुन्हा लिहिलेल्या कथा. मराठी नवकथा आणि नवकविता या वाडीच्या जिन्यावरून चढली-उतरली असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आणि खटाववाडीपासून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की गोलपीठा. तिथल्या ढोर चाळीत नामदेव ढसाळ राहत होते. टॅक्सी चालवत होते. १९७२ साली त्यांचा ‘गोलपीठा’ हा कवितासंग्रह आला तेव्हा अनेक मराठी वाचकांना त्यातले शब्दच कळेनात. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिण्याआधी कवीबरोबर रात्री तो मोहल्ला पालथा घातला. वीस मिनिटांवरची वस्ती, आणि तिची भाषा मराठी साहित्याला परदेशी. त्याआधी तीन वर्षं, १९६९ साली, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली होती. ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा सायक्लोस्टाईल केलेला मजकूर त्याच वेळचा. होळी योग्य होती की नाही यावर लोक अजून भांडतात. मला स्वतःला पुस्तक-मासिक जाळणं आवडत नाही, पण त्या पोरांचा राग मला कळतो. माझा मुद्दा साधा आहे. त्या होळीसाठी कुणाला गाडी करावी लागली नव्हती. प्रस्थापित आणि बंडखोर एकाच भागात राहत, एकाच इराण्याकडे बसत. संपादकाचा जिना बंडखोराला माहीत होता. आज मराठीतला एखादा रागावलेला कवी नालासोपाऱ्यात राहतो आणि ज्याच्यावर रागावलाय तो संपादक पुण्यात. त्यांची गाठ पडते ती फेसबुकवर, जिथे आगीला धूर नसतो. या बंडखोरांची लघुनियतकालिकं, म्हणजे स्वतःच छापलेली छोटी मासिकं, निघाली कशी? सायक्लोस्टाईलचं यंत्र कुणाच्या तरी कचेरीत, कागद कुणाच्या तरी पगारातला, आणि रात्रभर अंक जुळवायला, टाचण्या मारायला कुणाची तरी खोली. खोली नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

म्हणून मी खोलीवर अडून बसतो. गवय्याला गायला लागतं काय? एक दार, जे लावलं की आत कुणी येत नाही. रात्री दोनला परत आलं तर कुरकुर न करणारा शेजार. आणि भाडं असं, की महिन्याला दोन शिकवण्या आणि एक मैफल झाली तरी भागावं. या तिन्ही गोष्टी ‘चांगल्या’ वस्तीत कधीच एकत्र मिळत नाहीत. बदनाम वस्तीत मिळतात, कारण तिथे भाडं पडलेलं असतं आणि दुसऱ्याच्या रात्रीकडे बोट दाखवायला कुणाचीच सकाळ तेवढी स्वच्छ नसते.

गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी धोबीतलावात याचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं. कूड. एकेका गावाचा क्लब. गावचा माणूस मुंबईत आला की तिथे उतरायचा. फळीवर ट्रंक, जमिनीवर चटई, महिन्याची किरकोळ वर्गणी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. बोटीची वाट पाहणारे खलाशी, हॉटेलातले आचारी, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, सगळे एका रांगेत झोपायचे. कोकणी तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या नाटकाचा, पहिला खेळ १८९२ साली मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला. गोव्यात नाही, मुंबईत. पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत जी गोमंतकीय मंडळी बसली, त्यांतल्या कित्येकांची मुंबईतली पहिली पथारी अशाच कुडीत पडली. मालकीची जागा कुणाकडेच नव्हती. जागा वाटून घेतलेली होती.

इथे माझ्याच बाजूचा एक लाडका समज मला मोडायला हवा. आमच्याकडचे लोक म्हणतात, भाडे नियंत्रण कायदा होता म्हणून कलावंत टिकले. अर्धं खरं. १९४७च्या कायद्यानं भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. जो आत होता तो वाचला. पण बाहेरच्याला आत यायचं तर पागडी, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम, आणि पागडी कुठल्या तबलजीकडे असणार? म्हणजे कायद्यानं वस्ती जपली आणि तिचं दारही बंद केलं. आत राहिलो ते आम्ही, म्हणजे ज्यांच्या आजोबांनी खोली घेतली होती ते, आणि आम्ही बँकेत लागलो. गाणारे-लिहिणारे नवे लोक दादर, पार्ले, डोंबिवली करत वसईपर्यंत गेले. सत्तरच्या दशकात नवं नाटक गिरगावात उगवलं नाही. ते दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये उगवलं, कारण तिथे हॉल परवडत होता. तेव्हा चाळ जशीच्या तशी ठेवा, असं मी म्हणत नाही. चाळीत संगीत आपोआप उगवतं हा भ्रम आहे. ते जिथे येऊ दिलं जातं तिथे उगवतं.

शिवाय चाळी माणसं मारतात. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. त्या सकाळनंतर जुन्या लाकडी जिन्यांचं कौतुक करणाऱ्या लेखांवर माझा विश्वास उरला नाही. भेंडी बाजारात आता साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे इमारतींच्या जागी टॉवर येताहेत. यायलाच हवेत. सामायिक संडासापुढे बादली घेऊन उभं राहण्यात काही कलात्मक नसतं. माझ्या आईनं ते पन्नास वर्षं केलं, तिला विचारा. आणि फोरास रोडच्या बायांच्या आयुष्याकडे ‘रंगीबेरंगी भूतकाळ’ म्हणून पाहणं तर निव्वळ निलाजरेपणा. कोठा परत यावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे: फलकावर खोटं लिहू नका, आणि स्वस्त खोली नियमात बसवा.

पहिल्या मागणीला पैसे लागत नाहीत. दालन करायचंच असेल तर त्यात सुंदराबाई, अंजनीबाई, नझीर खाँ असू द्या, आणि ज्या बायांची नावं राहिली नाहीत त्यांच्यासाठी एक भिंत कोरी ठेवा. दुसरीवर मात्र लगेच सांगतात की परवडत नाही. परवडत कसं नाही? मुंबईच्या नियमावलीत सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळतं. इमारतीतल्या व्यायामशाळेची जागा ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात धरतच नाहीत. म्हणजे मोटारीला बक्षीस आहे, ट्रेडमिलला सवलत आहे. मग तानपुऱ्यानं काय पाप केलं? समूह पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रकल्पात आवाज बाहेर न जाणाऱ्या काही लहान खोल्या असाव्यात. शंभर-सव्वाशे फुटांच्या, रस्त्यावरून थेट जिना असलेल्या, रात्री उशिरापर्यंत उघड्या. तासाचं भाडं दोन कटिंग चहांपेक्षा जास्त नको. चटईक्षेत्रातून वगळा, हवं तर वर थोडं बक्षीस द्या.

या खोल्या सोसायटीच्या हाती देऊ नयेत. महिन्याभरात तिथे भिशी आणि झुंबा सुरू होईल. वॉर्ड ऑफिसच्या हाती तर मुळीच नाही. उद्घाटनाची पाटी लागेल आणि कुलूप लागेल. जुनी ग्रंथालयं, संगीत शाळा, नाट्यसंस्था यांच्याकडे चालवायला द्या, आणि नियम एकच ठेवा की गिरगावकरांसाठी आरक्षण नाही. नालासोपाऱ्याचा कवी आणि मीरा रोडचा सारंगिया मेट्रोनं इथे येऊ दे. आता जमिनीखालून गिरगावात मेट्रोचं स्टेशन झालंच आहे. त्यातून फक्त ऑफिसात जाणारेच का उतरावेत?

कुणी म्हणतं, आता सगळं यूट्यूबवर मिळतं, वस्तीची गरज काय? मिळतं, खरंच मिळतं; केसरबाईंची जी ध्वनिमुद्रणं माझ्या वडिलांना उभ्या जन्मात ऐकायला मिळाली नाहीत ती मी लोकलमध्ये ऐकतो. पण तिथे मी शोधतो तेच मिळतं. वाटेत कानावर पडणं ही वेगळी गोष्ट आहे. तबल्यातला माझा ‘कायदा’, म्हणजे रियाजाची ठरावीक बोलरचना, आजही कच्चा आहे, पण दादरा तालाची लग्गी, म्हणजे ठुमरी-दादऱ्याबरोबरची चपळ साथ, बरी आहे, आणि ती मला गुरुजींनी शिकवलेली नाही. कॉलेजात असताना संध्याकाळी केनेडी ब्रिजवरून परत येताना कुठल्या तरी खिडकीतून ती यायची. मी पुलाच्या कठड्यापाशी लोकलचे डबे मोजत असल्यासारखा उभा राहायचो. वाजवणारा दिसायचा नाही. एकदा ओळखीचे एक गृहस्थ तिथून जाताना थांबले आणि म्हणाले, “इथे काय करतोस रे?” मी म्हटलं, “गाडीची वाट बघतोय.” पुलावर गाडी थांबत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

गेल्या महिन्यात पुनर्विकासाची सभा झाली. मंडपात पंखे, वडा-पाव, समोर पडद्यावर नकाशे. आर्किटेक्ट बाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या, कुणी काही विचारलं की चिडत नव्हत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “पोडियमवरचं दालन राहू द्या, हरकत नाही. पण तळमजल्यावर मीटर रूमच्या बाजूला ही जी चौकोनी जागा दिसतेय, ती तालमीची खोली करता येईल का? भाड्यानं. बाहेरच्यांनाही.”

“काका, ती ड्रायव्हर लोकांची विश्रांतीची खोली आहे.”

“मग शेजारी अजून एक काढा.”

मागून कुणीतरी हसलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, “बाहेरचे लोक रात्री आत येणार? सिक्युरिटीचं काय?” तिसरा म्हणाला, “त्यापेक्षा तिथे ट्यूशन क्लास द्या, भाडं तरी येईल.” अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आर्किटेक्ट बाईंनी नकाशावर, मीटर रूमच्या शेजारी, पेन्सिलीनं ‘संगीत’ असं लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह. मग पान उलटलं आणि पुढचा विषय घेतला: दुसऱ्या गाडीचं पार्किंग. त्यावर चर्चा रात्री साडेअकरापर्यंत चालली.